पोलंडच्या सहकारी मैत्रिणीबरोबर अलिबाग : तिथी बघून ठरवलेला शनिवार-रविवार

रानजाई

आमच्या पुण्याच्या ऑफिसात पोलंडहून एक सहकारी काही महिन्यांसाठी आली आहे. ती ग्दान्स्कची, म्हणजे बाल्टिकच्या काठावर वाढलेली. टीमने मिळून तिला समुद्रावर न्यायचं ठरलं तेव्हा बहुतेकांचा कल गोव्याच्या एखाद्या रिसॉर्टकडे होता. मी अलिबागचा हट्ट धरला तो ओहोटीसाठी. बाल्टिक अरुंद सामुद्रधुन्यांनी बाहेरच्या समुद्राला जोडलेला आहे, त्यामुळे तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, पाणी हललं तर काही सेंटिमीटर. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि सहा तासांनी पार लांब जातं. समुद्रकाठच्या माणसाला दाखवावं असं आपल्याकडे काय आहे, तर हेच.

म्हणून तारीख ठरवली ती तिथी बघून. कोळी लोकांचा हिशोब आहे : तिथीच्या पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीडला, अष्टमीला सहाला. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास पुढे-मागे. पौर्णिमेनंतरची प्रतिपदा शनिवारी येत होती, म्हणजे रविवारी द्वितीया आणि सकाळी साडेसातला पूर्ण ओहोटी. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायला याहून चांगली वेळ नाही. ऊन नाही, गर्दी नाही, पाणीही उधाणामुळे चांगलं आत गेलेलं.

पुण्याहून पहाटे निघालो. खोपोली-पेण मार्गे जाताना वडखळच्या पुढे गाड्या तुंबायच्या आत निसटणं महत्त्वाचं. राहिलो नागावला, नारळ-सुपारीच्या वाडीतल्या एका घरी. आठ माणसं, दोन खोल्या आणि मोठी ओटी.

दुपारी किनाऱ्यावर गेलो तेव्हा पाणी अगदी सुरूच्या झाडांजवळ आलं होतं. तिने ओंजळीत घेऊन चाखलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. बाल्टिकचं पाणी खूपच कमी खारट असतं, आपल्या समुद्राच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. मग तिने एक वाळकी झावळी आणली, पाण्याच्या कडेला वाळूत उभी रोवली आणि तिथेच बसली. आम्ही क्रिकेट खेळत होतो. ती दर थोड्या वेळाने उठून झावळीपासून पाण्यापर्यंत पावलं मोजायची आणि वहीत लिहायची. चारच्या सुमारास आमचा टीम लीडही बॅट टाकून तिच्याबरोबर मोजायला लागला. सूर्य बुडेपर्यंत पाणी इतकं लांब गेलं की मोजणं सोडून सगळे ओल्या वाळूतून नुसते चालत सुटले. टीममधली निम्मी माणसं विदर्भ-मराठवाड्यातली. भरती-ओहोटी शाळेत शिकली होती, पण एका जागी बसून पाहिली कुणीच नव्हती.

रात्री पोपटी. हिवाळ्यात रायगडात जाऊन पोपटी न खाता परत येणं मला पटत नाही. घरच्या काकांनी मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घातला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये मसाला लावलेलं चिकन, बटाटे, अंडी, पुन्हा शेंगा आणि शेवटी तोंडात पाल्याचा गच्च बोळा. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती झावळ्या, पेंढा रचून पेटवलं. अर्ध्या-पाऊण तासाने काकांनी हाताने पाणी शिंपडलं. थेंब चर्रकन उडाले की झालं समजायचं. केळीच्या पानांवर सगळं ओतलं तेव्हा भांबुर्ड्याचा वास, तो ओव्यासारखा उग्र वास, अंगणभर पसरला. आमची पाहुणी शेंगा सोलून दाणे खायला अशी शिकली की शेवटी इतरांना तीच सोलून देत होती.

सकाळी पावणेसातला अलिबागच्या किनाऱ्यावर. थोडी वाळू, मग खडक, शेवाळ, कालवांच्या धारदार कडा. बूट घालूनच चाला, अनवाणी नको. दोन कोळिणी खडकावरून कालवं काढत होत्या. टोकदार हत्याराचा एक घाव शिंपल्याच्या सांध्यावर, आतला गर डब्यात, पुढचा घाव. तिने विचारलं म्हणून मी त्यांच्याशी बोलले. हाताला जखमा होतात का, दिवसाला किती निघतात, भरती कधी लागणार. एकीने तिच्या हाती हत्यार दिलं. तिने तीन-चार घाव घातले, शिंपला हलला नाही, आणि मावशींनी तिचा पंजा धरून सांधा कुठे असतो ते दाखवलं.

किल्ल्याबद्दल थोडकंच लिहिते. बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं. तटाचे मोठाले दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. तिने फटीत हात घालून पाहिला, कोपरापर्यंत गेला. आत गणपतीचं देऊळ आणि गोड्या पाण्याची विहीर. चारही बाजूंनी समुद्र असताना गोडं पाणी कसं, यावर परतीच्या वाटेवर दोन इंजिनियरांचं चांगलंच वाजलं. नऊच्या आत किनाऱ्याला लागलो.

आता ज्यासाठी धागा काढला ते. किनाऱ्यावर गर्दी वाढली तसे फोटो सुरू झाले. एक कुटुंब, मग दुसरं, मग मुलांचा घोळका. 'मॅडम, वन सेल्फी.' मी तिला आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. ती म्हणाली होती, लहान मुलं आणि बायका आल्या तर मला आवडेल, पण पाण्यात असताना कुणी कॅमेरा धरलेला मला चालणार नाही. त्यामुळे आमच्यातले दोघं तिच्या अलीकडे उभे राहिले आणि नम्रपणे नाही म्हणत राहिले. बहुतेक लोक लगेच ऐकत होते. तरी मला हे सारखं खुपत राहिलं. पाहुणी आपल्या किनाऱ्यावर आलीय आणि तिला मोकळेपणी गुडघाभर पाण्यात उभं राहता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी ऑफिसातल्या परदेशी मंडळींना कोकणात नेलंय का? फोटोंचं काय करता? आणि अलिबागच्या आसपास अजून काय दाखवावं?

वडखळनाका

वृत्तांत फार आवडला. तिथी बघून ऑफिसची सहल काढलेली पहिल्यांदाच वाचली.
एक भर घालतो. पाऊणपटीचा हिशोब ठोकताळा आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. किल्ल्यात जायचं असेल तर भरती-ओहोटीचं त्या दिवसाचं वेळापत्रक बघा आणि किनाऱ्यावर घोडागाडीवाल्यांना विचारा. आणि अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे उधाणाच्या उलट, भरती-ओहोटी लहान. तेव्हा ओहोटीलाही पाणी पुरतं ओसरत नाही. वेळ बरोबर असूनही मांडीभर पाण्यातून जावं लागतं. रानजाईंनी उधाणाचा दिवस निवडला हे महत्त्वाचं.

नागावची सून

आमच्याकडे वाडीत दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत म्हणून हे लिहिते. परदेशी पाहुणा येणार असेल तर बुकिंग करतानाच सांगा. घरमालकाला परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला देणारा फॉर्म (पूर्वी त्याला सी-फॉर्म म्हणायचे) ऑनलाइन भरावा लागतो, पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो लागतात. हे घरगुती राहण्याच्या ठिकाणांनाही लागू आहे, नुसतं हॉटेलांना नाही. बऱ्याच जणांकडे त्याचं लॉगिनच नसतं आणि मग पाहुणा दारात उभा असताना नाही म्हणायची वेळ येते. कुणी 'फॉरेनर नको' म्हणालं तर राग मानू नका. भीती फॉर्मची असते, माणसाची नसते.

दुसरं म्हणजे रोख पैसे. पाहुण्याकडे इथलं बँक खातं नसलं की क्यूआर कोडवर पैसे देणं सहसा जमत नाही. शहाळेवाला, घोडागाडी, पार्किंग या सगळ्यांना सुट्टे लागतात. पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यांवर परदेशी नागरिकांचं तिकीट वेगळं आणि बरंच जास्त असतं, ते आधीच सांगून ठेवा म्हणजे खिडकीपाशी ओशाळायला होत नाही.

आणि पोपटीबद्दल मनापासून धन्यवाद. शहरातली माणसं येतात आणि पनीर टिक्का मागतात, तेव्हा जीव तुटतो हो. अंगणात वाल आहेत, भांबुर्डा कुंपणाला आपणहून उगवलेला आहे!

कातळ

फोटोंबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. आपल्या लोकांचं कुतूहल निर्मळ असतं. सोलापूर, जालन्याहून आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला आलेलं कुटुंब असतं, त्यांना गोरी बाईही पहिल्यांदाच दिसते. घरी जाऊन ते तो फोटो वर्षभर दाखवतात. दोघांनी अलीकडे उभं राहून पहारा द्यायचा, यात आपण आपल्याच लोकांपासून पाहुण्याला तोडतो असं मला वाटतं.

सागरिका_

@कातळ, कुतूहलाबद्दल तुमच्याशी सहमत. पण तिने स्वतः सीमा सांगितली आहे ना? मुलं, बायका चालतील, पाण्यात असताना नको. तेवढंच पाळलं जातंय. भिजलेल्या कपड्यांत असताना अनोळखी पुरुषाने समोर फोन धरणं काय असतं ते इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. आम्ही पंजाबी ड्रेस घालून पाण्यात उतरतो तरी तेच होतं. त्यामुळे प्रश्न परदेशी बाईपुरता नाहीच. आपला किनारा बायकांसाठी मोकळा नाही, ती आली म्हणून ऑफिसातल्या पुरुषांना ते दिसलं. त्या दोघांनी पुढच्या सहलीत आपल्या मराठी सहकारी मुलींसाठीही तसंच उभं राहावं.

रानजाई

@सागरिका_, हे वाचून थांबले. अगदी खरं आहे. त्या दोघांना धाग्याची लिंक पाठवते आहे.
@कातळ, तोडण्याचा हेतू नव्हता. जालन्याच्याच एका आजींबरोबर ती अर्धा तास वाळूत बसली होती. आजींनी तिला शेंगदाण्याचा लाडू दिला, तिने आजींना वहीतली झावळीची मोजणी दाखवली. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं. त्या आजींनी फोटो मागितलाच नाही. नातवाने मागितला, तो तिने आनंदाने दिला.

चौलचा माड

अलिबागला येऊन रेवदंडा-चौल राहिलं म्हणजे अर्धीच सहल झाली. आणि या धाग्याशी तर चौलचा थेट संबंध आहे.

अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी १४६९ च्या सुमारास चौल बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, म्हणजे हा त्याच्या कितीतरी आधी. होर्मुझहून येताना विकायला एक घोडा आणला होता. चौलहून तो घाट चढून जुन्नरला गेला, पावसाळा तिथे काढला, मग बहामनींच्या बिदरला. त्याने आपल्या टिपणांत इथल्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय की जाईन तिथे माझ्यामागे माणसांची गर्दी, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल वाटतं. साडेपाचशे वर्षांपूर्वी, याच पट्ट्यात! रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. तुमच्या पाहुणीला ते नक्की दाखवा. फोटोंचा त्रास कमी होणार नाही, पण आपल्याआधी कोण या रांगेतून गेलंय ते तिला कळेल.

तिथून कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ल्यावरून एका बाजूला खाडी आणि एका बाजूला खुला समुद्र असं दोन्ही दिसतं. पायथ्याच्या गावात पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली बोली अजून घराघरांत बोलतात. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, बोली राहिली.

एल्बेकाठी

हॅम्बुर्गहून लिहितेय. वाचताना अंगावर काटा आला, कारण याच्या अगदी उलट मी अनुभवलंय. माझ्या इथल्या ऑफिसने आम्हाला कुक्सहाफेनला नेलं होतं. तिथे उत्तर समुद्राची ओहोटी लागली की मैलोन्मैल तळ उघडा पडतो आणि नॉयवेर्क नावाच्या बेटावर लोक चालत जातात. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाड्या! उंच चाकांच्या, पाण्यातून जाणाऱ्या. सगळे जर्मन सहकारी मला समजावून सांगत होते की बघ, समुद्राच्या तळावरून घोडागाडी जाते. मी मोबाइल काढून त्यांना अलिबागचा माझ्या लहानपणीचा फोटो दाखवला : आई, बाबा, मी आणि मागे कुलाबा किल्ला, घोड्याच्या पोटापर्यंत पाणी. त्या दिवशी मी पाहुणी राहिले नाही, जाणकार झाले. सगळे मलाच विचारायला लागले की पाणी कधी वळतं, तुमच्याकडे वेळ कशी काढतात.

म्हणून रानजाईंचं एक फार पटलं. त्यांनी पाहुणीला मोजू दिलं, कालवं फोडू दिली. परदेशी सहकाऱ्याला सोफ्यावर बसवून शहाळं हातात देणारे खूप असतात. त्याने माणूस परकाच राहतो.

वडखळनाका

नॉयवेर्कचं माहीत नव्हतं. फारच छान माहिती.

दर्यादिल

सगळं गोड चाललंय, त्यात एक कडू गोष्ट सांगतो, कारण ऑफिसच्या सहली हा प्रकार मी किनाऱ्यावर राहून वर्षानुवर्षं बघतोय. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी एका दुपारी बुडाले. समुद्र तेव्हा शांत दिसत होता. फेब्रुवारीत तो दिसतोच शांत. ओहोटी लागल्यावर पाणी बाहेर ओढतं आणि खाडीच्या मुखाजवळ ती ओढ फार असते. काशीदची वाळू पांढरी आणि सुंदर, पण किनारा एकदम खोल होतो.

परदेशी पाहुण्यांबद्दल मुद्दाम सांगतो : ते बहुतेकदा चांगले पोहणारे असतात आणि म्हणूनच आत जातात. बाल्टिकमध्ये पोहलेल्या माणसाला ओहोटीची ओढ ठाऊक असण्याचं कारणच नाही. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झटत बसू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलात की मग किनाऱ्याकडे वळा. पोहता येत नसेल तर पाणी कमरेच्या वर जाऊ देऊ नका. जेवणाआधी 'थोडी' घेऊन पाण्यात उतरणाऱ्या टीमला तर मी हात जोडतो. उतरू नका.

स्थानिक माणूस 'इथे नको' म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याने त्या जागी माणसं काढलेली असतात.

रानजाई

@दर्यादिल, हे प्रत्येक सहलीच्या ग्रुपवर टाकण्यासारखं आहे. आमच्या काकांनीही दुपारी अडीचनंतर, पाणी उतरायला लागल्यावर, कुणालाच गुडघ्याच्या पुढे जाऊ दिलं नाही. पाहुणी पट्टीची पोहणारी, पण तिने ऐकलं. कारण तोवर तिच्या वहीत पाणी किती वेगाने मागे जातंय ते लिहिलेलं होतं.

करवीरकर

पोलंडची आहे म्हटल्यावर राहवलं नाही. तिला कोल्हापूरला घेऊन या. शेजारच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, साधारण पाच हजार माणसं. बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत राजवटीने सायबेरियात हाकललेली, इराणमार्गे इथवर पोचलेली. शाळा, चर्च, नाटकं, सगळं वसवलं होतं त्यांनी. काही जण इथेच वारले, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. जुन्या लोकांच्या तोंडून अजून आठवणी ऐकायला मिळतात. समुद्र नाही आमच्याकडे, पण तिला आपलं वाटेल असं नक्की आहे.

रानजाई

@करवीरकर, तुमचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला. वळिवड्याबद्दल तिने शाळेत असताना ऐकलं होतं, पण ते गाव पुण्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे हे तिला माहीत नव्हतं. तिने लगेच आईला फोन लावला. जानेवारीत येतोय. तुम्हाला व्यक्तिगत निरोप करते.

आळशी प्रवासी

मुंबईहून येणाऱ्यांसाठी : गेटवेहून मांडव्याची लाँच घ्या, तासाभरात पोचता, वडखळ टळतं. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. गाडी सोबत हवी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे. पाहुण्याला समुद्रातूनच अलिबागला उतरवण्यात जी मजा आहे ती घाटातून नाही.

आणि नवगावला जा. बेने इस्रायली समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज तिथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली. ते तेलाच्या घाण्यावर काम करायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. आडनावं आपल्यासारखीच गावावरून. अलिबागेत त्यांचं प्रार्थनास्थळ आहे.

सागरिका_

आमची पाच-सहा जणींची टीम फेब्रुवारीत जायचं म्हणतेय. पोपटी तेव्हा मिळेल का? आणि कुठला शनिवार-रविवार धरू?

नागावची सून

@सागरिका_, वालाच्या शेंगा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असतात, नंतर निबर होतात. त्यामुळे पहिला पंधरवडा धरा. त्यातली पौर्णिमा किंवा अमावस्या शनिवारच्या जवळ येते का ते कॅलेंडरात बघा. रविवारी प्रतिपदा ते तृतीया आली तर सकाळी पावणेसात ते सव्वाआठच्या दरम्यान ओहोटी मिळेल, किल्ल्याला उत्तम. पांढरा कांदाही तेव्हाच निघतो, माळा विणून रस्त्यावर विकायला बसतात, घेऊन जा. मडकं किती माणसांचं लावायचं ते दोन दिवस आधी कळवा, भांबुर्डा आदल्या संध्याकाळी तोडून ठेवावा लागतो.